फुलीची खिडकी

केरू शेलार १९७४ च्या डिसेंबरात मुंबईहून बोटीने दुबईला आले आणि २००४ च्या जूनमध्ये विमानाने परत गेले. मधली तीस वर्षं त्यांनी एकाच टेबलापाशी काढली. बर दुबईत कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत दौलतशेठ या सिंधी गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. खाली काउंटर, मागे फोटो काढायची खोली आणि लाकडी जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर केरूभाऊंचं टेबल. त्याची फळी उतरती होती, मध्ये दुधी काच बसवलेली, काचेखाली दिवा. हाताशी तीन बारीक ब्रश, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली, दाढीचं अर्धं ब्लेड लाकडी दांडीत बसवून केलेली सुरी आणि औषधाच्या लहान बाटलीत भिजवलेला डिंक. फोटोंची दुरुस्ती करणं हे त्यांचं काम. लोक त्यांना आर्टिस्ट म्हणत. ते स्वतःला टचिंगवाला म्हणत.

पासपोर्टच्या फोटोंवर त्यांना फारसं काम नसे. त्यांच्याकडे येत ती दोन प्रकारची कामं. पहिलं जोडकाम. नवरा इथे साइटवर, बायको खेडला किंवा पाटणला. दोघांनी आपापल्या ठिकाणी फोटो काढायचा, बायकोचा फोटो पोस्टाने यायचा, आणि केरूभाऊ दोघांना एका सोफ्यावर बसवायचे. वासुदेव नावाचा एक प्लंबर होता, त्याने आपल्या मुलीला पाहिलंही नव्हतं. तिला केरूभाऊंनी त्याच्या मांडीवर दिली, आणि ती दीड वर्षाची आहे हे पत्रातून कळलेलं असल्याने तेवढ्या वजनाला शोभेल असा वासुदेवच्या शर्टाला दाबही दाखवला.

दुसरं काम मयताचं. गावाकडून फोन यायचा की वडील गेले. मुलाला जाता यायचं नाही. मग तो ट्रंकेतला एखादा लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन यायचा. काउंटरवरचा नागेश विचारायचा, “यातले कुठले?” माणूस बोट ठेवायचा, आणि नागेश पेनने त्या डोक्याशी बारीक फुली मारायचा. फोटो पोटमाळ्यावर गेला की केरूभाऊ आधी ती फुली ब्लेडने अलगद खरवडून काढायचे, वरून डिंकात रंग कालवून ठिपका लावायचे आणि मगच फोटोचा फोटो काढून मोठा करायचे. मूळ फोटोला ते एरवी हात लावत नसत. सगळी दुरुस्ती नव्या प्रतीवर. पण फुली दुकानाची, दुकानाने गिऱ्हाइकाच्या फोटोवर मारलेली, म्हणून ती मूळ फोटोवरून काढून देणं हा दुकानाचा धर्म. २००० सालापर्यंतच्या पंचवीस वर्षांत अशा किती हजार फुल्या त्यांनी काढल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

माझी त्यांची ओळख अशाच कामातून झाली. १९९६ साली माझे यजमान गेले. त्यांचा बँकेतला एक फोटो मी मोठा करायला दिला. फोटो सुंदर झाला, पण उजव्या गालावरचा मस नव्हता.

मी पोटमाळ्यावर गेले आणि म्हटलं, “मस कुठे गेला?”

“काढला, वहिनी. खराब दिसत होता.”

“तो त्यांचा होता.”

त्यांनी फोटो परत घेतला, यजमानांच्या जुन्या पासपोर्ट फोटोची निगेटिव्ह शोधली, आणि मस होता तिथेच परत लावून दिला. मग आम्ही बोलत बसलो. मी पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे कळल्यावर ते म्हणाले, “मग तुम्ही आमच्याच की. डोंगर उतरलं की आमचा जावळी तालुका.” त्यांचं गाव मात्र आता नव्हतं. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते पाण्यात गेलं. केरूभाऊ तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

१७ ऑक्टोबर २००० रोजी, मंगळवारी, दौलतशेठचा मला फोन आला. माझी रोजची वही सांगते की सकाळचे अकरा वाजले होते.

“भाभीजी, एक अंग्रेज मॅडम आयी है. पुराने पोस्टकार्ड हैं, सौ से ऊपर. पीछे जो लिखा है वो उससे भी नहीं पढ़ा जाता. आप तो ननों के स्कूल की हैं.”

मॅडमचं नाव मिसेस पेल. इथल्या एका इंग्रजी शाळेत त्या ग्रंथपाल होत्या. त्या मूळच्या रटलंडच्या. रटलंड हा इंग्लंडमधला सगळ्यात लहान जिल्हा. १९७४ साली तो शेजारच्या जिल्ह्यात विलीन झाला आणि १९९७ साली पुन्हा वेगळा झाला. हरवलेला दागिना गादीखाली सापडल्याचं एखादी बाई सांगेल, तसं त्या ते सांगत. जिल्हा परत मिळाल्यावर तिथल्या काही हौशी लोकांनी जुन्या चित्रांचं एक पुस्तक काढायचं ठरवलं होतं. मिसेस पेल यांच्या मावशीने मरताना एक खोकं ठेवलं होतं, त्यात एकशे अठ्ठावीस फोटो आणि पोस्टकार्डं होती. जत्रा, लोहारशाळा, शाळेची मुलं, बर्फातलं रेल्वेस्टेशन. त्यांच्या चांगल्या प्रती करायच्या होत्या.

“यातलं एक कार्ड माझ्या आजीचं असणार,” त्या मला म्हणाल्या. “ती पंधरा वर्षांची असताना एका शेतकऱ्याच्या मोठ्या घरात कामाला होती. आई सांगायची की आजीने तिथून घरी एक कार्ड पाठवलं होतं. ते घर आता नाही. दरीत तलाव केला, तेव्हा पाडलं. कुठलं कार्ड ते मला माहीत नाही. तुमची नोंद झाली की कळेल.”

काम कसं करायचं ते ठरलं. दहा-दहा कार्डांचं पाकीट. आधी ते माझ्याकडे अल मनखूलला येणार. मी नोंदवहीत क्रमांक घालून समोर काय दिसतं आणि मागे काय लिहिलंय ते उतरवणार. मग पाकीट केरूभाऊंकडे जाणार. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून पाकीट देताना मी एकेक कार्ड त्यांना मराठीत सांगायचे. त्यांना ते आवडायचं. चार महिन्यांत त्यांना रटलंड पाठ झालं.

“हा त्या बेकरीवाल्याचा भाऊ ना, ज्याचा घोडा आंधळा होता?” असं ते विचारायचे आणि ते बरोबर असायचं.

तलावाचं मी सांगितलं तेव्हा मात्र ते हातातला ब्रश ठेवून बसले.

“किती घरं गेली?”

“फार नाही म्हणतात. थोडी.”

“आमची बत्तीस. सरकारी माणसं आली, दारांवर डांबरानं नंबर घातले. आमचा सतरा.” मग म्हणाले, “यांच्याकडं फोटोवाला किती आधी आलावता बघा. आमच्यात आलाच नाही. गावाचा एक फोटो नाही, वहिनी. माझ्याकडंबी नाही, कुणाकडंबी नाही.”

याच सुमारास दौलतशेठने कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. केरूभाऊंच्या व्हिसाची मुदत ९ मे २००१ ला संपत होती. शेठने त्यांना सरळ सांगितलं, आणि ते त्यांनी मला तसंच सांगितलं: “ये मेमसाब का काम अच्छा हुआ तो तीन साल का ठप्पा. नहीं तो केरू, यल्ला, बहुत हो गया, घर जाके आराम कर.” घर म्हणजे ठाणे जिल्ह्यातली पुनर्वसनाची वस्ती. तिथे भाऊ होता, भावजय होती. केरूभाऊंची बायको वारली होती, मूल नव्हतं. गाव बुडाल्यावर ते मुंबईला गेले आणि तिथून दुबईला, त्यामुळे त्या वस्तीत ते आयुष्यात सलग चाळीस दिवससुद्धा राहिले नव्हते. त्यांचं जे काही होतं ते त्या उतरत्या फळीपाशी होतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती आधी घडली. फेब्रुवारीच्या ११ ते १५ तारखांना मी शारजाला भाचीकडे बारशाला होते. पाचवं पाकीट, म्हणजे क्रमांक ४१ ते ५०, माझ्याकडे येऊन पडलं होतं. माझ्या रोजच्या वहीत १० तारखेला लिहिलंय: “कार्डं नोंदवली नाहीत. केरूभाऊंना म्हटलं, तुम्ही सुरू करा, मी आल्यावर नोंदवते.” चार महिन्यांत क्रम मोडला तो या एकदाच.

१७ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, पाकीट माझ्याकडे परत आलं. मी नोंदवही उघडली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस. सेहेचाळीस नंबरचं कार्ड एका मोठ्या दगडी घराचं होतं, चकचकीत फोटोकागदाचं. दोन मजले, वर कौलांत चार लहान खिडक्या. एकूण अकरा खिडक्या मोजल्या आणि लिहिल्या. मग कार्ड उलटं केलं. पेन्सिलीचं लहान, उजवीकडे झुकणारं अक्षर. आमच्या मदर सुपीरियरचं अक्षर असंच होतं. मराठीत सांगायचं तर मजकूर असा:

“आई, हे घर. शाईची फुली केली आहे ती खिडकी माझी. पहाटे तिथून चर्चचा कळस दिसतो आणि तुझ्या चुलीचा धूर दिसतो असं मी धरून चालते. थंडी आहे पण घोंगड्या दोन दिल्या आहेत. ॲडा.”

मी कार्ड परत सुलटं केलं. फुली नव्हती. भिंगातून पाहिलं. अकराही खिडक्या स्वच्छ होत्या.

माझी नात ईश्वरी तेव्हा बारा वर्षांची होती. ती शेजारी गृहपाठ करत होती. मी काय शोधतेय ते तिने विचारलं, मी सांगितलं.

“आजी, व्हाय डिडन्ट ही जस्ट आस्क समवन?”

“ते मलाच विचारतात,” मी म्हटलं. “मी शारजाला होते.”

मी टॅक्सीने स्टुडिओत गेले. केरूभाऊंनी कार्ड पाहिलं, मी मागचा मजकूर वाचला. त्यांनी कार्ड सुलटं केलं. मग म्हणाले, “फुली होती. मी काढली.”

“कुठल्या खिडकीवर?”

“ते नाही ध्यानात. नागेशनं या कार्डांवरबी जिथं जिथं डाग, फाटलेलं, तिथं फुल्या मारून दिल्यात. पाकिटात सात-आठ होत्या. फुली दिसली की हात ब्लेडकडं जातो. ती कशावर आहे ते मी बघतच नाही, वहिनी. बघायचं नसतंच. काढायची असते.”

“शाई वेगळी असेल.”

“असंल. तपकिरी होती वाटतं. मला वाटलं पेन बदललं.”

प्रत काढली होती ती फुली काढल्यानंतर. म्हणजे फुलीचा पुरावा कुठेच नव्हता. कार्डाच्या मागे फक्त फुली आहे एवढं लिहिलेलं, आणि माझ्या नोंदवहीत तर तेवढंही नव्हतं.

आम्ही खाली शेठकडे गेलो. दौलतशेठने कार्ड हातात धरून लांब केलं, जवळ आणलं.

“तो इसमें क्या है? अच्छी सी खिड़की देख के लगा दे फुली. बीचवाली. मॅडम ने तो कार्ड ठीक से देखा ही नहीं, वो खुद बोली थी. नानी आके बोलेगी क्या?”

“शेठ, वो उसकी खिड़की नहीं होगी.”

“अरे, तू पच्चीस साल से मियाँ को बीवी के बाजू में बिठाता है. वो कब बैठी थी?”

“वो दोनों को मालूम रहता है, शेठ.”

“क्या मालूम?”

“कि नहीं बैठे.”

शेठ माझ्याकडे वळले. “भाभीजी, समझाओ इसको. नौ मई को इसका व्हिसा है.”

मी समजावलं नाही, पण खरं सांगायचं तर जिना उतरताना माझ्याही मनात तेच आलं होतं. यजमानांचा मस त्यांनी किती बेमालूम परत लावला होता. अकरातली एक खिडकी निवडायची, तपकिरी शाई कालवायची, ब्रशचे दोन फटकारे. आणि माझं वाक्य वहीत लिहायचं: “फुली अमुक खिडकीवर.” माझी वही कोणी तपासणार नव्हतं. केरूभाऊंची जागा राहिली असती. मी हे त्यांना बाहेर गल्लीत बोलूनही दाखवलं.

ते म्हणाले, “मसाच्या वेळी माझ्याकडं दुसरा फोटो होता, वहिनी. बघून लावला. हे बघून नाही, हे ठोकून देणं झालं.” आणि थोडं चालून झाल्यावर, “आमच्या गावाचा असा एखादा फोटो निघाला, आणि कुणी भलत्याच दारावर सतरा नंबर घालून दिला, तर मी तो फ्रेम करून ठेवीन. मला कळायचंबी नाही. म्हणून तर वाईट.”

“मग काय करायचं?”

“बाईंना बोलवा. मी सांगतो. तुम्ही इंग्लिश करा.”

मिसेस पेल सोमवारी संध्याकाळी शाळा आटोपून आल्या. पोटमाळ्यावर दोनच स्टुलं होती. त्यांना आणि मला ती देऊन केरूभाऊ उभे राहिले. शेठ जिन्याच्या वरच्या पायरीवर, खांबाला टेकून. नागेश खालून ऐकत होता. मी आधी कार्डाचा मजकूर वाचला. ॲडा हे त्यांच्या आजीचंच नाव. मिसेस पेलनी कार्ड घेतलं आणि त्यांचे डोळे लगेच खिडक्यांवर फिरायला लागले. तेव्हा केरूभाऊ बोलले. त्यांनी सरळ सांगितलं: फुली होती, दुकानाची समजून मी खरवडली, कुठे होती ते मला आठवत नाही. मी त्यात भर घातली की पाकीट आधी मी पाहायला हवं होतं, ते मी पाहिलं नाही.

मिसेस पेल रागावल्या नाहीत. कार्ड त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. मग त्यांनी मला विचारलं, “खरवडल्याची खूण दिसणार नाही का?”

मी विचारलं. केरूभाऊ म्हणाले, “त्यांना सांगा, काम चांगलं असेल तर नाही दिसणार.”

“आणि काम कसं आहे?”

“चांगलं आहे.” हे मात्र त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

तरी त्यांनी टेबलाचा दिवा काढला, कार्ड आडवं धरून उजेड एका बाजूने टाकला. खरवडलेल्या जागी कागदाची चकाकी जाते, तिरप्या उजेडात ती मेलेली दिसते. पण चकाकी परत यावी म्हणून तर ते रंगात डिंक घालत. कार्ड डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं, डोळ्याच्या पातळीला आणलं. काही नाही. भिंग घेतलं. काही नाही. मी आयुष्यात प्रथमच एका कारागिराला स्वतःच्या कामातलं वैगुण्य इतक्या आशेने शोधताना पाहिलं.

“रहने दे, केरू,” जिन्यावरून शेठ म्हणाले. “खलास.”

मिसेस पेलनी चष्मा काढला. डोळ्यांत पाणी होतं की काचा मळल्या होत्या, मला सांगता येणार नाही. त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली आणि रुमालाने पुसायला लागल्या.

केरूभाऊ त्या काचेकडे बघत राहिले. मग त्यांनी कार्ड उचललं, तोंडाजवळ धरलं आणि हळूच वाफ सोडली. फोटोवर धुकं आलं. ते एका क्षणात विरू लागलं, आणि विरताना एका जागी मात्र विरायला तयार होईना. वरची रांग, कौलांतली उजवीकडची शेवटची खिडकी. तिच्यावर चिंचोक्याएवढा पांढुरका डाग दिसला, दोन सेकंद राहिला आणि गेला.

“डिंक,” केरूभाऊ मला म्हणाले. “डिंकाला ओल धरते.”

त्यांनी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा तिथेच. मग कार्ड मिसेस पेल यांच्या हातात दिलं आणि स्वतःच्या तोंडासमोर हात नेऊन कसं करायचं ते दाखवलं. त्यांनी केलं. डाग आला आणि गेला. त्यांनी परत केलं. चौथ्या वेळी केरूभाऊंनी हात आडवा धरला.

“बास म्हणावं. जास्त केलं तर डिंक सुटेल आणि जागा जाईल.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिसेस पेलनी विचारलं, “नक्की हीच? इतर कार्डांसारखा इथे एखादा डाग काढलेला नसेल कशावरून?”

प्रश्न रास्त होता. केरूभाऊंनी काउंटरची कामाची यादी मागवली. नागेशने प्रत्येक कार्डावर किती फुल्या मारल्या ते त्यात लिहिलेलं असे. सेहेचाळीसपुढे शून्य होतं. या कार्डावर दुकानाची फुली नव्हतीच. जी होती ती एकच, आणि ती ॲडाची. हा कागद आधी पाहिला असता तर, असं कोणी म्हटलं नाही, पण नागेश वर आला नाही.

शेठ म्हणाले, “मॅडम, अब वो सेम टू सेम फुली लगा देगा. फ्री.”

मिसेस पेल म्हणाल्या, “नो, थँक यू.” कार्डाला यापुढे कोणी हात लावू नये एवढंच त्यांनी मागितलं.

त्यांनी काम काढून घेतलं नाही. पण उरलेली कार्डं परत नेली, आणि दर सोमवारी पाच-पाच स्वतः घेऊन येऊ लागल्या. केरूभाऊ काम करत तोवर त्या स्टुलावर बसून राहत. सुरुवातीला ती राखण होती हे सगळ्यांना कळत होतं, केरूभाऊंनाही. मे महिन्यापर्यंत त्या घरून स्वतःसाठी आणि केरूभाऊंसाठी केक आणू लागल्या होत्या. शेठने तीन आठवडे पोटमाळ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. “मॅडम को बताना था तो मैं बताता. दुकान मेरा है,” एवढं एकदा बोलून दाखवलं. पण गोरी मॅडम दर आठवड्याला दुकानात येते, तासभर बसते आणि आपल्या ओळखीच्यांना पाठवते, हेही त्यांना दिसत होतं. ६ मेला ठप्पा बसला. केरूभाऊंनी पासपोर्ट मला आणून दाखवला.

त्यानंतर स्टुडिओत एक नियम झाला आणि तो केरूभाऊंनी केला: फोटोवर पेन लावायचं नाही. पातळ कागद फोटोवर ठेवायचा, त्यावर फुली मारायची आणि कागद टाचणीने पाकिटाला लावायचा. नागेश पुष्कळ दिवस कुरकुरत होता. “दुकान तेच, फुली तीच, आणि आता वर कागदाचा पदर,” म्हणायचा. पण नियम टिकला.

पुस्तक २००३ च्या मार्चमध्ये आलं. एक प्रत माझ्या नावाने, एक केरूभाऊंच्या. सेहेचाळीस नंबरचं कार्ड पूर्ण पानभर होतं, फुलीशिवाय. खालचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला: “या चित्रावरची फुली २००१ साली दुबईत पुसली गेली. ती वरच्या रांगेत उजवीकडच्या शेवटच्या खिडकीवर होती. ज्यांच्या हातून ती पुसली गेली, त्या के. शेलार यांनीच ती जागा शोधून दिली.”

“पुसली गेली हेबी छापलंय?”

“हो.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि पान उलटून आंधळ्या घोड्यावर गेले.

पुढच्या वर्षी सगळंच काम कॉम्प्युटरवर गेलं. शेठने त्यांना काउंटरवर राहायला सांगितलं, मनापासून सांगितलं. केरूभाऊ म्हणाले, व्हिसा संपेपर्यंत राहतो. एप्रिलात एका शुक्रवारी ते आमच्याकडे आले. चहा झाला. रटलंडची नोंदवही कपाटात होती, तिची मागची पानं कोरी होती.

“वहिनी, एक काम होतं. आमच्या गावाचं तसंच लिहायचं. नंबरवार. समोर काय, मागं काय.”

“फोटो नसताना?”

“फोटो नाही म्हणूनच. भाऊ माझ्याहून लहान, त्याला आठ-दहा घरंच आठवतात. मला बत्तीसच्या बत्तीस आठवतात अजून.”

चार शुक्रवार लागले. सरकारने डांबराने घातलेल्या क्रमानेच लिहायचं, असा त्यांचा आग्रह होता. क्रमांक एक, गुरवाचं घर, समोर चाफा, दाराला कडी नाही, दोरी. क्रमांक चार, शिंप्याचं, एका भिंतीला कायम टेकू. प्रत्येक घरापुढे मी अकरा खिडक्यांच्या सवयीने विचारायचे, खिडक्या किती, आणि लिहायचे: एक, किंवा दोन. ‘मागे’ या रकान्यात त्या घरातलं माणूस कुठे गेलं ते. मुंबई, पालघर, मयत, माहीत नाही.

तिसऱ्या शुक्रवारी क्रमांक सतरा आला. मी लिहिलं: शेलार, कोंडिबा. उंबऱ्याला मोठी खोक. अंगणात उखळ.

“तुमची खिडकी कुठली?”

ते हसले. “आमच्या घराला खिडकी नव्हती, वहिनी. दार लिहा.”

मी दार लिहिलं. त्यांनी वही आपल्याकडे ओढली, पेन मागून घेतलं आणि त्या शब्दाच्या शेजारी एक बारीक फुली मारली.